बाबांचं रिव्हॉल्व्हर कुठे ठेवायचं?

"आई, बघ, माझी भातुकली!"

शनिवारची सकाळ. आठवडाभर ऐरोलीच्या ऑफिसात मान मोडून काम केल्यावर कॉफीचा मग घेऊन मी जरा कुठे टेकले होते. साडेतीन वर्षांची लेक हॉलमध्ये लादीवर बसून काहीतरी ओळीनं मांडत होती. बोटाच्या पेराएवढं, पितळेचं, चकचकीत. एक, दोन, तीन... सहा. "हा पेला, हा तांब्या, हा आजोबांचा," असं चाललं होतं. मला वाटलं, आईंनी जुनी भातुकली काढून दिली असेल. जवळ जाऊन बघितलं आणि पोटात खड्डाच पडला.

ती काडतुसं होती.

"कुठनं आणलीस गं?" मी जमेल तितक्या शांत आवाजात विचारलं.

"आजीच्या कपाटातून. किल्ली बाप्पाच्या खाली असते!"

अहो, लग्नाला पाच वर्षं होऊनही ज्या किल्लीची जागा मला धड माहीत नव्हती, ती या चिमुरडीला पाठ! रोज सकाळी आजीच्या मांडीवर बसून देवपूजा बघते ना, तेव्हाच बघून ठेवली असणार. स्टूल ओढलं, देव्हाऱ्यातल्या कापडाखालून जुडगा काढला, गोदरेजचं कपाट उघडलं, आतला चोरकप्पा उघडला. शालींच्या घडीखाली काडतुसांचा डबा होता. त्याच्या शेजारी, वीतभर अंतरावर, कातडी पाउचमध्ये बाबांचं रिव्हॉल्व्हर. तिनं डबा उचलला कारण डबा खुळखुळतो. तिनं पाउच उचललं असतं तर?

त्या 'तर'नं माझी पुढच्या दोन रात्रींची झोप उडवली.

'तुझे सासरे डॉन आहेत का?'

सोमवारी ऑफिसात लंचला हे सांगितलं तर सगळ्यांचे चमचे हवेत. "रिव्हॉल्व्हर? घरात? कोपरखैरण्यात? तुझे सासरे डॉन आहेत का गं?"

नाहीत. माझे सासरे साताऱ्याचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सातारा जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत अशी गावं आहेत. अपशिंग्याला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. आणि कोपरखैरण्याचं साताऱ्याशी नातं जुनं. तुर्भ्याच्या बाजार समितीत पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडींपैकी कितीतरी जण जावळी-पाटणकडचे. त्यांची घरं इथल्या सेक्टरांमध्ये. बाबांचे दोन चुलतभाऊ त्यातलेच. त्यांच्या आधारानं बाबाही पेन्शन घेऊन इथे आले आणि बरीच वर्षं रोकड ने-आण करणाऱ्या गाडीवर सुरक्षारक्षक होते. त्या नोकरीसाठी त्यांनी परवाना काढला, .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं, वजनाला साधारण पाऊण किलो. नोकरी सुटली, हत्यार राहिलं.

आपल्याकडे हे काही अमेरिकेसारखं 'दुकानात गेलो, घेऊन आलो' असं प्रकरण नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा आहे. जिल्ह्यात परवाना जिल्हा दंडाधिकारी देतात, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्त. ९ मिमी किंवा .३८ ही बोअर सामान्य नागरिकाला मिळत नाहीत, म्हणून आपल्याकडे परवान्यावर दिसतं ते बहुतेक वेळा .३२. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात असा नियम आला आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली. शिवाय २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवान्याच्या अर्जासोबत 'मी हे सुरक्षित ठेवीन' अशी हमी लिहून द्यावी लागते.

हमी लिहून देणं सोपं असतं. ठेवायचं कुठे, हे त्या कागदावर कोणी शिकवत नाही. आणि मग पिढ्यान् पिढ्या जे ठिकाण ठरलेलं तेच: गोदरेजचं कपाट, शालींच्या खाली.

निवडणूक आली की आचारसंहितेत बऱ्याच परवानाधारकांना शस्त्र पोलिसांकडे जमा करावं लागतं. कोणी करायचं आणि कोणाला सूट द्यायची ते छाननी समिती ठरवते. २०२४ च्या विधानसभेच्या वेळी बाबांनी जमा केलं, निकालानंतर परत आणलं. जमा केलं तेव्हा लेकीचा हात कपाटाच्या मुठीपर्यंत पोचत नव्हता. मधल्या काळात ती वाढली. कपाट होतं तिथेच राहिलं.

कोत म्हणजे काय?

त्या शनिवारी बाबा बाजारातून आले. मी लादीवरची सहा काडतुसं त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. त्यांनी एकही शब्द न बोलता डबा आणला, सगळी मोजली. मग परत मोजली. हात थोडा थरथरत होता, तो मी पहिल्यांदा पाहिला.

"बाबा, हे घरात नको," मी म्हटलं. पाच वर्षांत त्यांच्याशी अशा आवाजात कधी बोलले नव्हते.

"पोरी, आख्खी नोकरी हत्यार सांभाळलंय. एकदाही चूक झाली नाही."

"तुमची नाही झाली, बाबा. पण तिचीही चूक नाहीये ना?"

नवरा टेनिसच्या नेटसारखा मधोमध उभा. इकडून चेंडू, तिकडून चेंडू, आणि हा गप्प! शेवटी वाटाणे सोलता सोलता आई बोलल्या. "अहो, पलटणीत तुम्ही बंदूक शालीखाली ठेवत होता का?"

"छे! भलतंच काय? पलटणीत हत्यार कोतात असतं."

कोत म्हणजे पलटणीची शस्त्रं ठेवायची कुलूपबंद खोली. बाबा रंगात आले. कोताला पहारा असतो, रजिस्टर असतं, प्रत्येक हत्याराला नंबर असतो. मोजून बाहेर, मोजून आत. एखादं हत्यार कमी भरलं तर अख्खी पलटण जागी राहते. हत्यार आणि गोळी एकत्र ठेवत नाहीत. किल्ली ज्याच्या ताब्यात त्यानंच उघडायचं, मग समोर कोणीही असो.

"मग घराला कोत नको का?" आईंनी वाटाण्याची शेंग फोडली.

हॉलमध्ये पिनड्रॉप सायलेन्स. बाबा खिडकीतून बराच वेळ बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे. बघा काय मिळतंय ते."

स्टॉपवॉचचा धडा

आता प्रश्न आला 'काय मिळतंय' याचा. बाबांची एकच अट होती. रात्री गरज पडलीच तर हत्यार पटकन हाती यायला हवं. मला ते अजिबात पटत नव्हतं, पण म्हटलं, आधी सध्याची परिस्थिती तर बघू. मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं. बाबा पलंगावर आडवे, दिवे बंद. स्टार्ट!

चष्मा शोधला. हॉलमध्ये आले. देव्हाऱ्याखाली चाचपडले. जुडग्यातली कपाटाची किल्ली, मग चोरकप्प्याची किल्ली. शाली बाजूला. पाउचचं बटण. एक मिनिट पंचवीस सेकंद! बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. म्हणजे 'लपवून ठेवणं' हा आमचा पिढीजात फंडा दोन्ही बाजूंनी फेल होता. ज्याला हवं त्याला उशिरा मिळत होतं आणि जिच्या हाती पडायलाच नको तिला आरामात. लपवणं म्हणजे कुलूप नव्हे, हे त्या दिवशी आम्हां सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसलं.

आणखी एक गोष्ट नवऱ्यानं काढली. त्याची लेट शिफ्ट असते. रात्री दोनला लॅचची किल्ली फिरवून अंधारात घरात शिरणारा माणूस कोण? तोच! अर्धवट झोपेतल्या माणसाच्या उशाशी भरलेलं रिव्हॉल्व्हर असेल तर सगळ्यात जास्त धोका कोणाला? त्यालाच! बाबा यावर हसले नाहीत. म्हणाले, "झोपेत हत्यार नकोच. कोड आठवून दाबण्याइतका माणूस जागा पाहिजे." स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात आहेच, आधी तो भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पण तोही गरजेपुरताच. दारात नक्की कोण आहे हे कळायच्या आत हात ट्रिगरवर, हे कुठल्याच कायद्यात बसत नाही.

आणि चोराचं सोडा. १ ऑक्टोबर २०२४ ची पहाट आठवते? अभिनेता गोविंदा जुहूच्या घरातून विमानतळावर निघायच्या तयारीत होता, आणि त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी त्याच्याच पायात घुसली. घरात ना चोर, ना भांडण. ऑपरेशन करून गोळी काढावी लागली. ती बातमी त्या वेळी बाबांनीच आम्हांला वाचून दाखवली होती. जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेला असू शकतो. तसं भरलेलं हत्यार हातातून पडलं, तर तेवढा दणका पुरतो. म्हणून बाबांचा पहिला नियम: घरात हत्यार रिकामं. तिजोरी कितीही भारी असो, हा नियम त्याच्या आधी.

वाशीची वारी

पुढच्या रविवारी मी आणि बाबा वाशीला गेलो. सासरा-सून दोघंच शॉपिंगला, हे आमच्या घरात पहिल्यांदाच! दुकानात मी ऐटीत विचारलं, "पिस्तुलासाठी छोटी तिजोरी आहे?" सेल्समननं आधी माझ्याकडे बघितलं, मग बाबांच्या मिशांकडे, आणि हळूच म्हणाला, "मॅडम, दागिन्यांची दाखवू का?"

थोडक्यात काय, आपल्याकडे वेगळं खातं असं नाही. घरगुती डिजिटल लॉकर हाच आपला पर्याय, आणि त्यातूनच शहाणपणानं निवडायचं. म्हणजे तुमच्याकडे बंदूक नसली तरी हे सगळं तुमच्याही कामाचं आहे. मंगळसूत्र, पासपोर्ट, फ्लॅटचे पेपर तर आहेत ना घरात? बरं, 'बँकेच्या लॉकरमध्ये टाका की' असा सल्ला मला तिघांनी दिला. दागिन्यांसाठी ठीक आहे. शस्त्रं आणि स्फोटकं तिथे ठेवायला बँकेच्या लॉकरच्या करारातच मनाई असते.

दुकानात तीन प्रकार समोर आले. साधी किल्लीची, आकडे दाबायची आणि बोटाच्या ठशाची. किल्लीची लगेच बाद. किल्ली म्हणजे परत बाप्पाच्या खाली!

ठशाची दिसायला एकदम जेम्स बाँड. बोट ठेवलं की टिक्, दार उघडं. माझं बोट पहिल्या फटक्यात लागलं. बाबांचं चार वेळा ठेवूनही नाही. बाबा शांतपणे म्हणाले, "याला पण माझा अंगठा कळत नाही. दर नोव्हेंबरला पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला हेच होतं." वय झालं, शेतीत राबलेले हात असले की बोटांच्या रेषा झिजतात. ओल्या, घामेजलेल्या बोटांचीही तीच गत. ज्याच्यासाठी तिजोरी घ्यायची त्याचंच बोट तिला ओळखत नसेल तर काय उपयोग?

ठशाच्या तिजोऱ्यांचा दुसरा धोका मला घरी येऊन वाचताना कळला आणि काटाच आला अंगावर. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं एका कंपनीच्या सुमारे ६१ हजार तिजोऱ्या परत मागवल्या. त्या खास बंदुकीसाठीच घेतल्या जात. कारण काय, तर ठसा नीट नोंदवला गेला नसेल तर ती तिजोरी कोणाच्याही बोटानं उघडायची! मालकाला मात्र वाटायचं की ती फक्त आपल्यालाच ओळखते. अशाच एका तिजोरीशी जोडलेल्या घटनेत १२ वर्षांच्या मुलाचा जीव गेला. म्हणून ठशाची घेणार असाल तर सेटिंग झाल्यावर घरातल्या प्रत्येकाचं बोट लावून बघा. तुमच्या बोटानं उघडली म्हणजे झालं, असं नाही. बाकी कोणाच्याही बोटानं उघडत नाही, ही खरी परीक्षा.

एक गुद्दा बस्स

उरली आकड्यांची. सेल्समननं सगळ्यात स्वस्त मॉडेल पुढे केलं. "मॅडम, हॉटसेलिंग आहे." बाबांनी ती टेबलावर सरळ ठेवली, वरून मुठीनं एक गुद्दा हाणला आणि त्याच क्षणी मूठ फिरवली. दार उघडलं! सेल्समनचा चेहरा खर्रकन उतरला. (कंपनीचं नाव विचारू नका, ते महत्त्वाचंही नाही.)

याचं गणित सोपं आहे. स्वस्त इलेक्ट्रॉनिक कुलपात दार अडवून धरणारी एक बारीकशी पिन असते. ती स्प्रिंगवर उभी असते आणि योग्य कोड पडला की विजेच्या छोट्याशा चुंबकानं ओढली जाते. स्प्रिंग कमजोर असेल तर दणक्यानंही ती क्षणभर उडते. तेवढ्यात मूठ फिरली की खेळ खलास. मार्क वेबर टोबियास नावाच्या अमेरिकन कुलूपतज्ज्ञानं २०१२ मध्ये बंदुकीच्या स्वस्त तिजोऱ्यांची अशीच पोल खोलली होती. त्यातल्या काही तर तीन वर्षांच्या मुलानं उघडून दाखवल्या. तीन वर्षांच्या! आमची साडेतीनची आहे.

त्यामुळे दुकानात लाजायचं नाही. गुद्दा मारा, तिरकी करा, हलवा, बोटानं दार खेचून बघा. दारात आणि चौकटीत फट दिसली की पुढची बघा. मधल्या किमतीच्या एका मॉडेलवर बाबांनी सहा गुद्दे मारले, ती ढिम्म. पत्रा जाड, दाराचे दोन्ही खिळे बोटाएवढे. चुकीचा कोड चार वेळा दाबला की काही मिनिटं कुलूप बंदच. मुलं उगाच बटणं दाबत बसतात ना, त्यावर हा चांगला उपाय. बटणं रबरी, ठसठशीत. अंधारात बोटाला कळणारी. बाबांनी डोळे मिटून दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाले, "ही."

कोड कोणाचा?

घरी आल्यावर खरा वाद इथे झाला. नवरा म्हणाला, "कोड मला पण सांगून ठेवा, इमर्जन्सीला बरं." बाबांनी चष्म्याच्या वरून बघितलं. "परवाना कोणाच्या नावावर आहे?"

मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नसतो. मुलगा असो, बायको असो, ज्याच्या नावावर परवाना नाही त्यानं ते हत्यार ताब्यात घेणं कायद्यात बसत नाही, आणि त्याच्या हाती देणाराही अडचणीत येतो. म्हणजे दागिन्यांच्या तिजोरीचा कोड नवरा-बायको दोघांना माहीत असावा; या तिजोरीचा मात्र एकालाच. म्हणूनच ती वेगळी हवी. 'दागिने, पासपोर्ट, रिव्हॉल्व्हर सगळं एकातच ठेवू' ही माझी काटकसरी आयडिया तिथेच बारगळली. नाहीतर लग्नाला जाताना हार काढायला मी दहा वेळा ते दार उघडणार!

मग बाबांना काही झालं तर? तेव्हा घरच्यांनी ते हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं, असं कायदाच सांगतो. त्यासाठी तिजोरीची जादा किल्ली सीलबंद पाकिटात, बाबांच्या बँक लॉकरमध्ये ठेवली. किल्लीला मनाई नाही.

कोडही बाबांनी स्वतःच ठरवला. कंपनीचा मूळ कोड त्याच दिवशी बदलला. तो माहिती-पुस्तिकेत छापलेला असतो, म्हणजे तसली तिजोरी घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत. नातीचा वाढदिवस नाही, मोबाइलचा शेवट नाही, १९७१ नाही! (हे शेवटचं आईंनी मुद्दाम बजावलं.)

भिंतीत रुतवा, नाहीतर विसरा

आठ-दहा किलोची तिजोरी म्हणजे भाजीच्या मोठ्या पिशवीएवढंच वजन. चोर उघडत बसत नाही, काखोटीला मारून निघून जातो. त्यामुळे तिजोरीच्या पाठीला आणि तळाला जी भोकं असतात ती शोभेची नाहीत. त्यातून अँकर बोल्ट जायलाच हवेत.

आमच्या बेडरूमच्या आतल्या भिंती चार इंची. ड्रिल मारल्यावर विटेचा भुगा नुसता झरझर सांडला. तिथे बोल्ट धरणार नाही. शेवटी कपाटातल्या खालच्या कप्प्यात, मागे आरसीसी कॉलम येतो तिथे बसवली. ड्रिल मारण्याआधी भिंतीतली वायरिंग कुठून जाते ते बघा, नाहीतर आख्ख्या मजल्याची वीज घालवाल. भाड्याच्या घरात मालकाला विचारा. आणि ड्रिल मारायला आलेल्या माणसाला आत काय ठेवणार हे सांगायची काहीएक गरज नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय चाललंय?" आईंनी सांगितलं, "कपाट हलत होतं." संपला विषय.

नव्यानं टायमिंग घेतलं. दिवे बंद, बाबा पलंगावर. स्टार्ट! अकरा सेकंद. तेही रिकाम्या रिव्हॉल्व्हरसाठी. काडतुसं दुसऱ्या कप्प्यात, वेगळ्या कुलपात. त्याची किल्ली या तिजोरीतच, म्हणजे कोडाशिवाय दोन्हीपैकी काहीच हाती येत नाही. हे 'क्विक' झालं का? बाबा म्हणाले, "जागं व्हायला तेवढा वेळ पाहिजेच."

पावसाळा आला की...

नवी मुंबईचा पाऊस आणि ठाण्याची खाडी. इथे लोखंडी खिडक्या गंजतात, मग बंद तिजोरीतलं हत्यार काय सुटतंय? बाबांनी ते कातडी पाउच काढून टाकलं. कातडं ओल धरून ठेवतं आणि आतल्या आत गंज चढतो. आता हलका तेलाचा हात आणि सिलिका जेलच्या पुड्या. या पुड्या दर पावसाळ्यात बदलायच्या. बॅटऱ्या मात्र संपायची वाट न बघता वर्षातून एकदा, दसऱ्याला. शस्त्रपूजेच्या दिवशी शस्त्राच्या कुलपाचीही पूजा, असं आमचं ठरलंय!

खरेदीला निघताय? हे बघा

• ज्याच्यासाठी घ्यायची त्यालाच दुकानात न्या. त्याचं बोट, त्याचे डोळे, त्याचा हात चालायला हवा.

• वरून गुद्दा मारून, हलवून, तिरकी करून तपासा. फट दिसली की नको म्हणा.

• ठशाची घेतलीत तर घरातल्या सगळ्यांची बोटं लावून खात्री करा.

• कंपनीचा मूळ कोड पहिल्याच दिवशी बदला.

• जादा किल्ली घरात ठेवू नका. विशेषतः देव्हाऱ्यात!

• बोल्ट मारल्याशिवाय तिजोरी 'बसवली' असं म्हणू नका.

• हत्यार रिकामं, काडतुसं वेगळी. तिजोरी घेतली तरीही.

• मुलांना कोड कळलाय अशी नुसती शंका आली तरी बदला.

आणि पुढे?

मागच्या महिन्यात जेवताना बाबांनी सहज विषय काढला. शस्त्र नियमांत अशी सोय आहे की परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की ते वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. "मला पुढच्या साली सत्तर होतील," ते नवऱ्याला म्हणाले. "तुला हवंय का?"

नवरा घास हातात घेऊन थांबला. मीही थांबले. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, बाबांकडेच बघितलं. "नको, बाबा."

मला वाटलं, बाबांना वाईट वाटेल. ते भाताचा डोंगर फोडून वरण ओतत म्हणाले, "बरं. मग शस्त्रविक्रेत्याला देऊन टाकू. तोवर कोतात राहील."

रोज रात्री झोपायच्या आधी ते तिजोरीची मूठ एकदा ओढून बघतात. पलटणीतली सवय. लेक त्यांच्यामागे उभी राहून विचारते, "आजोबा, कोत बंद?"

"बंद," ते म्हणतात.

मग ती तिची भातुकली आवरते. नवीन घेऊन दिलीये तिला, खरीखुरी, पितळेची.